इरम्माचा पाळणा

घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात गाणं नाही, ही रीत नळदुर्गच्या शरणबसप्पांकडं कुणी लिहून ठेवली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. टीव्हीवर कापड पडायचं, वाढदिवस राहायचे, दुकानातला रेडिओसुद्धा बंद. तुमच्या-आमच्या घरी थोड्याफार फरकानं हेच असतं. रीत वाईट नाही. गेलेल्याचा मान राखावाच. पण त्या मानापायी एका जित्या माणसाचं काय झालं, तेही ऐकायला हवं.

शरणबसप्पांचं भांड्याचं दुकान होतं. थोरले भाऊ सिद्धाराम वारले आणि महिनाभरात शरणबसप्पांची बायको इरम्मा स्वयंपाकघरात कोसळली. लकवा! उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणायला जिला बोलावणं यायचं, त्या बाईला साधं ‘पाणी’ म्हणता येईना. समजायचं सगळं. तोंड उघडलं की ‘त... त...’ एवढंच बाहेर यायचं, आणि मग ती रागानं डाव्या हातानं बाज बडवायची.

तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं बोलण्याचे व्यायाम घेणारी राजेश्वरी नावाची मुलगी होती. तिनं विचारलं, “काका, काकूंना गाण्याची आवड होती का?”

“आवड? बारशात हिच्याशिवाय पाळणा हलायचा न्हाय.”

राजेश्वरीनं पाळण्याची चाल गुणगुणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला इरम्माच्या तोंडून अख्खे शब्द आले: “वढा गं सयांनो पाळण्याची दोरी, बाळाची आत्या आली नळदुर्गाहून...”

शरणबसप्पा उभेच राहिले. “आगं! हिला बोलता येतंय की!”

“बोलता येत नाही, गाता येतं,” राजेश्वरी म्हणाली. “बोलण्याची जागा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. काकूंची तीच दुखावली. गाण्याला उजवी बाजूही लागते, ती शाबूत आहे. मोठा रस्ता खचला तर आपण शेताच्या वाटेनं जातोच ना? रोज गाऊ द्या. डाव्या हातानं ताल धरायला लावा. मग त्याच चालीवर ‘पाणी द्या’, ‘भूक लागली’ म्हणवून घ्या. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण पहिले काही महिने फार मोलाचे असतात, काका. ते घालवू नका.”

घरात दुखवटा, म्हणून दार लावून हळू आवाजात गाणं चालायचं. पंधरा दिवसांत इरम्मा चालीवर ‘पाणी द्या’ म्हणू लागली. शरणबसप्पा तांब्या भरून धावत जायचे. तहान नसली तरी ती पुन्हा म्हणायची आणि हसायची. अर्धंच तोंड हसायचं, पण हसायची.

एका सोमवारी उमरग्याहून सिद्धारामांच्या सासरची माणसं भेटायला आली. सिद्धारामांची बायको शांतम्मा मधल्या खोलीत बसली होती. बाया रडत होत्या. तेवढ्यात आतून इरम्माचा आवाज आला. खणखणीत, सुरात. पाळणा!

एक पाहुणी म्हणाली, “कुणाचं बारसं हाय गं बाई?”

दुसरी म्हणाली, “मघाशी मी तिच्याशी बोलाय गेले तर हिची वाचा गेली म्हणाले भावजी. आन् गायला बरी वाचा फुटली! सोंग म्हणायचं का काय?”

शांतम्मा उठली. तिचे डोळे सुजलेले होते. “भावजी, माझं कपाळ फुटलंय आन् तुमच्या घरात पाळणा चाललाय. एवढं तरी राखा.”

खरं तर तिथंच शरणबसप्पांनी राजेश्वरीचे चार शब्द सांगायचे होते. फक्त चार. पण पाहुणे बघत होते. ते आत गेले आणि त्यांनी इरम्माच्या तोंडावर हात दाबला. “गप! वर्ष होऊ दे, मग गा काय गायचं ते.”

इरम्मा गप झाली. त्या दिवशी झाली ती झालीच.

सोलापूरच्या फेऱ्या थांबल्या. राजेश्वरीचा फोन आला की शरणबसप्पा सांगायचे, “चालू हाय, रोज चालू हाय.” पाणी हवं असलं की इरम्मा तांब्याकडं बोट करायची.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. शरणबसप्पा बाजेजवळ बसले आणि म्हणाले, “आता गा. आता कुणी काय म्हणणार न्हाय.” त्यांनीच चाल धरली. इरम्मानं डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबला. त्यांनी हात काढला. तिनं पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला घेऊन सोलापूर गाठलं. राजेश्वरीनं सगळं ऐकलं.

“शांतम्माकाकूंनी रक्तदाबाची गोळी बंद करा म्हटलं असतं, तर केली असती का?”

“ती कशी बंद करणार? ते औषध हाय.”

“मग हे काय होतं?”



“पोरी, लोक काय म्हणतील वाटलं गं.”

“लोक उमरग्याला गेले, काका. काकू इथंच आहेत. गेलेल्याला गाणं ऐकू येत नाही. ज्या काकूंना त्याची गरज होती, त्यांचंच तुम्ही बंद केलं.” मग ती जरा मवाळ झाली. “आता जास्त वेळ लागेल. किती सुधारेल, सांगता येत नाही. पण थांबू नका.”

घरी येऊन त्यांनी शांतम्माला सगळं सांगितलं, स्वतःची चूक कबूल करून.

“भावजी, मला वाटलं ती सोंग करती. तुम्हाला ठाऊक होतं, मग तवाच का न्हाय बोलला? मी एवढी का वैरीण होते तिची?”

शरणबसप्पा तिला इरम्माच्या बाजेकडं घेऊन गेले.

त्या दिवसापासून शरणबसप्पा रोज सकाळी बाजेजवळ बसून पाळणा म्हणू लागले. आवाज फाटका, चाल भलतीकडंच. शांतम्मा इरम्माचा हात धरून ताल द्यायची. इरम्मा तोंड मिटून बसायची. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या महिन्यात एके सकाळी शरणबसप्पा आत्याच्या ओळीवर तिसऱ्यांदा घसरले, तेव्हा इरम्मानं कपाळाला आठ्या घातल्या आणि स्पष्ट म्हणाली,

“पुरे!”

शांतम्मा हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. शरणबसप्पांनी बायकोचे पाय धरले. वर्षभर जिचं तोंड त्यांनी बंद ठेवलं, तिनं एका शब्दात त्यांचं बंद केलं होतं.

तो शब्द आला, एवढंच. अजून दोन-तीन आले आहेत. बाकीचे येतील की नाही, कुणाला ठाऊक! पहिल्या महिन्यांत जे आले असते, ते आता कुणी परत आणून देणार नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरात कुणाची वाचा गेली आणि गाणं राहिलं असेल, तर त्याला सोंग म्हणू नका आणि देवाचं वारंही म्हणू नका. डॉक्टरांना विचारा आणि त्याला गाऊ द्या. दारात पाहुणे असोत, घरात दुखवटा असो. कुणी नाव ठेवलं तर चार शब्द सांगा, माणसं ऐकतात. मेलेल्यांचा मान राखायला आपल्याकडं जन्मभर वेळ असतो. आजारी माणसाकडं तेवढा नसतो.