चारशे बाराचा फळा

"कुठेही येत नाही म्हटलं ना!" ऑरिननं डाव्या हातानं टोपी भिरकावली. उजवा मांडीवर नुसता पडून होता.

चार महिने हेच. अर्धांगाचा झटका येऊन गेला, पाय सावरले, जीभ तर नको तितकी सावरली. पण उजव्या हाताला काम दिलं नाही तर तो कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी चेंडू दिला, चमचा दिला, पावाचं पीठ मळायला दिलं. ढिम्म! हा बाबा आपला खिडकीशी बसून विस्कॉन्सिनचा बर्फ बघतोय. वीट आला होता मला.

आणि हाच माणूस तीस वर्षं चीजच्या कारखान्यातून सुटला की रोज डुएनच्या बारमध्ये धावायचा. तिथे माणशी दिवसाला एक डॉलर, एक डाव. चामडी पेल्यात पाच फासे खुळखुळवून काउंटरवर आपटायचे. पाचही सारखे पडले तर साठलेला गल्ला तुमचा, नाहीतर तुमचा डॉलर गल्ल्यात. फासे ज्याचे त्यानंच टाकायचे.

मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण नवऱ्यापुढे हात टेकले. "अरे, बाराशे शहाण्णव डावांत सरासरी एकदा पडणार! गल्ल्यात चारशे असले तर तुझ्या डॉलरचे झाले एकतीस सेंट. गल्ला बाराशे शहाण्णवच्या वर गेला तरच खेळण्यात अर्थ."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

टोपी उचलून मी म्हणाले, "डुएन भेटला होता. गल्ला तेराशे चाळीसवर गेलाय. डॉलरला एक डॉलर तीन सेंट. जन्मात पहिल्यांदा हिशोब तुझ्या बाजूनं आहे. बस घरी!"

खोटं. साफ खोटं.

"आकडा तू सांगतेयस म्हणजे बरोबरच असणार," तो पुटपुटला आणि उठला.

त्या बारची पायरी मी कधी चढले नव्हते. गल्ल्याचा आकडा तिथे भिंतीवरच्या फळ्यावर लिहितात, हे मला कुठलं ठाऊक! आत गेलो तर समोर खडूनं ठळक: ४१२.

ऑरिननं फळा पाहिला. मग मला.

"किती म्हणालात, मास्तरीणबाई?"

सगळा बार ऐकत होता. मेलं, कानांपर्यंत तापले मी. "चुकलं माझं," मी म्हणाले.

"ऐकलंत का रे! आर्डिस चुकली! आकड्यात चुकली!" डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला तो. "डुएन, आण तो पेला."

उजवी बोटं पेल्याभोवती वळेनात. डाव्या हातानं त्यानं ती एकेक करून बसवली. मी पुढे झाले.

"हात लावायचा नाही. नियम आहे," ऑरिननं बजावलं.

पेला कसाबसा उलटला. दोन फासे घरंगळत जमिनीवर गेले.

"खाली पडले, डाव बाद," डुएन म्हणाला. कसली कीव नाही, काही नाही. भलं होवो त्याचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बघते तर ऑरिन टोपी घालून दारात उभा.

"गल्ला किती असेल आज?"

"चारशे वीस."

"म्हणजे माझ्या डॉलरचे?"

"बत्तीस सेंट."

"तोटाच की."

"तोटाच," म्हणत मी गाडीची किल्ली घेतली. कोटाची बटणं त्यानं उजव्या हातानं लावली होती, एक काज चुकवून. मी ती तशीच राहू दिली.