तिसरी खोली

काकूंच्या स्मरणशक्तीचा सगळ्या नात्यागोत्यात धाक होता. कुणाच्या लग्नात कोण रुसून बसलं, धाकट्या दिराचा पुढचा दात कुठल्या स्टुलाच्या कडेवर आपटून पडला, शेजारणीने नेलेली कात्री कुठल्या साली परत आली आणि तीही बोथट होऊन, सगळं त्यांच्या जिभेवर असे. "हिच्यासमोर थाप मारायची म्हणजे आधी पुरावे तयार ठेवावे लागतात," असं काका म्हणायचे. आता काकांना थापही मारता येत नव्हती आणि खरंही सांगता येत नव्हतं.

काकांनी पस्तीस वर्षं छापखान्यात पुस्तकांची पानं लावली. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून जाडजूड पुस्तकांच्या सूची करून देत. त्यासाठी त्यांनी कुणाच्या तरी ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणला. नवे प्रोग्राम त्याला पेलेनात, सुरू व्हायलाच अर्धा तास. मग काकांनी कुठून तरी शोधून त्यावर एक अगदी हलकी व्यवस्था बसवली. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळायच्या, एवढंच तिचं काम. चित्रं नाहीत, खाली पट्टी नाही, नुसता काळा पडदा.

"अहो, बंद पडला की काय?" काकूंनी विचारलं होतं.

"बंद कुठला? आवरून ठेवलाय."

मग काकांनी काकूंना हौसेने सगळं दाखवलं होतं. रिकाम्या जागी माऊसचं उजवं बटण दाबलं की कामांची यादी उघडे. खिडकी नको असेल तर बंद करायची गरज नाही. एक बटण दाबलं की ती चटईसारखी गुंडाळली जाई आणि वर नुसती नावाची पट्टी उरे. तीन खिडक्या शेजारीशेजारी अशा बसत की मध्ये केसभर फट राहत नसे. आणि गंमत म्हणजे पडदा एकच असला तरी त्यामागे चार होते. पहिल्यावर हस्तलिखित आणि सूची, दुसऱ्यावर पत्रं, तिसऱ्यावर गाणी, चौथ्यावर काकूंचे फोटो. काका त्यांना खोल्या म्हणत.

"जन्मभर दीड खोलीत ठेवलं म्हणून कुरकुर करायचीस ना? घे, चार खोल्यांची मालकीण झालीस."

"झाडायला लागत नाहीत ना? मग चालतील," काकू म्हणाल्या होत्या.

कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे सगळं काकांनी स्वतः ठरवलं होतं. एका फाइलमध्ये ते ओळी लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. दहा वर्षं त्यांनी ती फाइल पानासारखी लावली. शेवटी शेवटी माऊसला हात लावायची गरज उरली नव्हती. दोन्ही हात कीबोर्डवर, आणि खोल्या, खिडक्या नुसत्या इशाऱ्यावर हलत.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता, मग लेक, शेवटी काकू. सकाळी ते त्यांना "बाई" म्हणत, आणि "माझी बायको कधी येणार?" असं अदबीने विचारत. काकू म्हणत, "येतील हं." दुसरं काय म्हणणार?

पण दुपारी तीन वाजता त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं की चमत्कार होई. बोटं आपली आपण चालू लागत. तीन खिडक्या उघडून शेजारी लागत, एक गुंडाळली जाई, दुसरी खोली, तिसरी खोली. गाणं लागे. आणि पडद्यावरची नजर न काढता काका म्हणत, "अगं, ऐकतेस ना?"

तेवढं "अगं" ऐकायला काकू रोज तीन वाजायची वाट बघत. स्टूल ओढून त्या शेजारी बसत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. डोळ्यांत ओळख आली की अर्धा तास टिके. कधी कधी पाऊण.

वसंत संपता संपता कॉम्प्युटरमधून जळका वास यायला लागला. लेक धावत आली. हुशार, कामसू पोरगी, बापासारखीच नेटकी. तिने दोन दिवस रजा काढली, नवा कॉम्प्युटर आणला, जुन्यातलं सगळं त्यात घेतलं. "फोटो, पत्रं, गाणी, बाबांच्या सगळ्या सूची. एक कागद मागे ठेवला नाही आई." मग जुना भंगारात देण्याआधी तिने तो साफ पुसून काढला, कारण तसाच कुणाच्या हाती देऊ नये म्हणतात. पुसायला अख्खी रात्र लागली. काम अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

नव्या पडद्यावर निळं आकाश होतं, आणि खाली रंगीत चित्रांची रांग. काका तीन वाजता बसले. बोटांनी आपली बटणं दाबली. कुठलीशी खिडकी उघडली आणि तिने काहीतरी विचारलं. पुन्हा दाबली. दुसरी आली, तिनेही विचारलं. काकू नेहमीसारख्या तोंडाकडे बघत होत्या. ओळख आली नाही. चौथ्या दिवशी काकांनी तव्याचा चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"होईल हळूहळू सवय," लेक म्हणाली.

"सवय व्हायला माणूस जागेवर लागतो गं," काकू म्हणाल्या.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याला सगळे टोपीच म्हणत, कारण त्याचं डोकं उघडं कुणी पाहिलं नव्हतं. टोपी बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेला होता, तो तीन आठवड्यांनी उगवला. ती हलकी व्यवस्था मिळायला मात्र त्याला अर्धा तासही लागला नाही. निळं आकाश गेलं, काळा पडदा आला. काकूंनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती.

"आता त्यांची बटणांची फाइल द्या," टोपी म्हणाला.

लेकीने कपाटच्या कपाट उघडावं तसं सगळं उघडून दाखवलं. त्यात ती नव्हती.

"असं होतं ताई. अशा फाइलींच्या नावाआधी टिंब असतं. टिंब असलं की ती लपलेली राहते, यादीत दिसतच नाही. दाखव म्हणावं लागतं. जुनी डिस्क कुठाय?"

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "दिसलं ते सगळं घेतलं होतं मी," ती म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली.

"असू दे," टोपी घाईने म्हणाला. "काकू आहेत की! सांगा काकू, खिडकी गुंडाळायला काका काय दाबायचे? मी लिहीत जातो."

काकूंनी तोंड उघडलं. गुंडाळलेली खिडकी त्यांना दिसत होती. काकांनी पडद्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं छोटं घड्याळ खोली बदलली तरी बरोबर यायचं, तेही. तिसऱ्या खोलीत जाताना काका मान किंचित डावीकडे झुकवत, तीही. पण बोटं? इतकी वर्षं त्या शेजारी बसल्या होत्या आणि एकदाही त्यांनी खाली पाहिलं नव्हतं.

"मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फारसं उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते नीट बाहेरही आलं नाही.

"मी एकेक करून बघू?" लेकीने विचारलं.

"दोनदोन, तीनतीन बटणं एकदम असतात ताई. हजारो होतील." टोपीने टोपी सारखी केली. "त्यापेक्षा काकांनाच बसवा. डोकं विसरलं तरी बोटांत असतं. ती काय दाबतात ते काकूंनी टिपायचं. काहीही झालं नाही तरी चालेल, नुसतं टिपा. मी तसंच बसवून देतो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी जेवणं लवकर उरकली. वही घेतली, दोन पेनं घेतली, एक अडलं तर दुसरं असावं म्हणून. तीन वाजता काकांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. या वेळी त्यांनी तोंडाकडे पाहिलं नाही. नजर कीबोर्डवर ठेवली.

काकांचे हात मांडीवर होते.

पाच मिनिटं गेली. काकूंनी ते हात उचलून बटणांवर ठेवले. हात उबदार होते, नखं कालच कापलेली. बोटं ठेवली तिथे राहिली. डाव्या करंगळीची किंचित हालचाल झाली तशी काकूंनी पेन टेकवलं. पण काकांनी करंगळीने फक्त दुसऱ्या हाताच्या अंगठ्याजवळ खाजवलं आणि हात पुन्हा मांडीवर घेतले.

"अहो, गाणं लावा ना. तिसऱ्या खोलीत आहे."

काकांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. खोल्या मोजल्यासारखं केलं. घरात तीन नव्हत्याच.

सोमवारी तसंच झालं, मंगळवारीही. गुरुवारी टोपीचा फोन आला. "मिळाली का बटणं काकू? संध्याकाळी येऊन बसवून टाकतो."

"तू नको येऊस," काकू म्हणाल्या. "बाळाकडे बघ."

फोन ठेवून त्या परत आल्या आणि वही उघडी धरून काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. कोऱ्या पानावर वर नुसती तारीख होती. काकांनी वर पाहिलं. वही घेतलेली, खोळंबलेली एक बाई त्यांना दिसली. ते एकदम ओशाळले.

"माफ करा हं, बाई. तुमचं काम अडलं माझ्यामुळे," असं म्हणून ते खुर्चीच्या हातांवर जोर देत कसेबसे उठले. "बसा, तुम्ही बसा."

"नको हो. तुम्हीच बसा."

"छे, छे. बसा."

ते भिंतीला टेकून उभे राहिले. काकू बसल्याशिवाय ते खाली टेकणार नाहीत हे दिसत होतं. जन्मभराचा रिवाज होता तो, बाईमाणूस उभं असताना आपण बसायचं नाही.

काकू खुर्चीत बसल्या. मग काका हळूच स्टुलावर टेकले.