रोलरच्या दोन्ही बाजू

इस्पितळाचा धुलाईखाना तळघरात होता. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे आणि डॉक्टरांचे हिरवे सदरे दिवसभर गाठोडी होऊन खाली येत. ते धुऊन, पिळून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा वर जात. तळघराला खिडकी नव्हती. वाफ इतकी, की चष्मेवाल्या माणसाने चष्मा खिशातच ठेवावा.

सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे चादरींचा रोलर. असे दोन होते. एका बाजूला उभं राहून ओलसर चादरीचे दोन कोपरे ताणून धरायचे आणि ती तापलेल्या रुळांमध्ये सोडायची. ती पलीकडून कडक, गरम होऊन बाहेर येते. तिथे दुसऱ्या माणसाने ती झेलायची, घडी घालायची, थप्पीवर ठेवायची. काम दोघांचंच. यंत्र बनवणाऱ्यानेही दोघं धरूनच ते बनवलं असणार.

त्यातला एक ताई एकटी चालवत होती.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. पण तिची धाकटी बहीण इथे कामाला लागली, दिवसभर ‘ताई, ताई’ करू लागली, आणि बघता बघता सगळा धुलाईखाना तिला ताई म्हणायला लागला. तिच्याहून वयाने मोठा असलेला मिस्त्रीसुद्धा. जणू ताई हा हुद्दाच होता. बहिणीला सगळे छोटी म्हणत.

छोटीला नोकरी लावली ती ताईनेच. वडील गेल्यावर आई आणि छोटी दोघीच घरात राहिल्या. छोटी एका दुकानात लागली, ते सुटलं. दुसरीकडे लागली, तेही सुटलं. आई रोज ताईच्या घरी येऊन बसायची. “तुझ्या बाई तुझं ऐकतात म्हणतेस ना? मग टाक की एक शब्द.” शेवटी ताईने इन्चार्ज बाईंकडे शब्द टाकला. बाईंनी विचारलं, “काम करेल ना?” ताई म्हणाली, “माझी बहीण आहे. तिची जबाबदारी माझी.”

हे वाक्य नंतर तिने मनातल्या मनात कितीतरी वेळा परत गिळलं, पण ते काही पोटात राहिना.

छोटी वाईट नव्हती. हेच तर अवघड होतं. उद्धट असती, भांडखोर असती, तर दोन शब्द सुनावता आले असते. छोटी गोड होती. ती आली की तळघरात हशा पिकायचा. मोठ्या डॉक्टरांच्या चालीची नक्कल ती अशी करायची, की धुण्याच्या यंत्रावरचे लोक पोट धरून हसायचे. फक्त ती रोलरपाशी नसायची. केस बांधायला गेली की गेली. पाणी प्यायला गेली की गेली. धुतलेल्या कपड्यांची गाडी वरच्या मजल्यावर पोचवायला जायची आणि तिथल्या नर्सशी बोलत उभी राहायची. आली तरी पाच-सहा चादरी झेलायची आणि हात झटकत म्हणायची, “बाई गं, काय तापलंय हे!”

आणि ताई पळायची. या बाजूने चादर सोडायची, यंत्राला वळसा घालून पलीकडे जायची, चादर बाहेर यायच्या आत तिला धरायची, घडी घालायची, परत या बाजूला. घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखी गोल गोल. बाईंनी विचारलं की सांगायची, दोघी मिळून छान चाललंय. स्वतःला सुरुवातीला म्हणाली, शिकतेय अजून. मग म्हणाली, तिला उष्णता सोसत नाही. मग काहीच म्हणेनाशी झाली, कारण म्हणायला श्वासच उरत नव्हता. मनगटावर भाजल्याचे डाग पडले. ते तिने लांब बाह्यांखाली झाकले.

एकदा घरी जाताना ती बोलली. “छोटे, मला एकटीला होत नाही गं.”

“ताई, तू ना उगाच जीव काढतेस,” छोटी म्हणाली. “चादरच आहे. पळून जातेय का कुठे?”

“पण वर पेशंट थांबलेले असतात.”

“मग थांबू देत की! आडवेच आहेत ना ते?” आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी मनापासून हसली, की ताईलाही हसू आलं. त्या हसण्याचा राग तिला रात्रभर पुरला.

आईशी बोलून पाहिलं. आई म्हणाली, “लहान आहे ती. तू सांभाळून घ्यायचं. तू नाही घेणार तर कोण घेणार?” छोटी तिशीला आली होती.

नवऱ्याशी बोलून पाहिलं. तो नळ दुरुस्तीची कामं करायचा आणि गळती कुठे आहे ते लगेच दाखवायची त्याला सवय होती. “सांग सरळ तुझ्या बाईंना,” तो म्हणाला.

“आणि आईला काय सांगू?”

तो पान्यांची पिशवी उचलून कामाला गेला.

हळूहळू ताई स्वतःलाच ओळखू येईना. घरी भांडं पडलं तरी ती किंचाळायची. मुलीचे केस विंचरताना हात इतका जोरात ओढला जायचा, की मुलगी डोकं सोडवून बापाकडे पळायची. झोपेत तिचे पाय हलायचे. सकाळी तळघराच्या जिन्यावर ती रोज क्षणभर थांबायची आणि मागणं मागायची, की आज यंत्र बंद पडू दे. एका सकाळी मागणं थोडं बदललं. आज छोटीला काहीतरी होऊ दे. ताप येऊ दे. पाय मोडू दे. जिला कडेवर घेऊन ती स्वतः वाढली, जिचं नाक पुसता पुसता आपलं बालपण संपलं, तिचा पाय मोडावा असं आपल्याला वाटतंय. आपण कोण झालोय?

मग वर एक नवा वॉर्ड उघडला. चादरींचे ढीग छाताडापर्यंत आले. रोलरवर तिसरं माणूस मिळणार अशी बातमी होती. इन्चार्ज बाई खाली आल्या, ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तिसरं माणूस मी धुण्याकडे देतेय. तुम्ही दोघी बहिणी इतकं छान ओढता, तुम्हाला काय गरज?”

ताईचं तोंड उघडलं. तेवढ्यात छोटी पलीकडून म्हणाली, “हो ना बाई, आमची ताई आहे की!”

ताईने पुढची चादर उचलली.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. आठवत होतं ते एवढंच, की एका दुपारी छोटी गाडी घेऊन वर गेली ती गेलीच. ताई पळत होती. एक चादर तिरकी गेली, पलीकडे तिने हात घालेपर्यंत ती रुळाला गुंडाळली गेली, तिच्यावर दुसरी चढली. करपल्याचा वास सुटला. ताई यंत्राच्या दोन बाजूंच्या मध्ये उभी राहिली. इकडे जावं की तिकडे, पाय ठरवेनात. मग तिने डोक्यावरची लाल दोरी धरली आणि सगळं वजन टाकून ओढली.

ती दोरी अपघातासाठी होती. कोणाचा हात आत गेला तरच ओढायची. भोंगा वाजला, रोलर थांबला, आणि सगळा धुलाईखाना हातातलं टाकून धावत आला. मिस्त्री ओरडत होता, “हात बघा, हात बघा!” इन्चार्ज बाई गर्दीतून पुढे आल्या. “कोणाला लागलं?”

ताईने दोन्ही हात वर करून दाखवले. बाह्या मागे सरकल्या.

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. “मला होत नाही. मी एकटी आहे इथे. पहिल्या दिवसापासून एकटी आहे. मी खोटं बोलत होते.” आणि मग तिला थांबताच येईना. सगळ्यांसमोर, नाक पुसायचंही भान न राहता, ती तेच तेच म्हणत राहिली. “मी एकटी आहे. मी एकटी आहे.”

छोटी लिफ्टच्या दारात रिकामी गाडी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

इन्चार्ज बाई कडक असल्या तरी सरळ होत्या. छोटीला त्यांनी काढलं नाही. तिला दुसऱ्या रोलरवर टाकलं, तिथल्या बाईच्या हाताखाली. त्या बाईला सगळे हवालदार म्हणायचे, कारण ती बोलायची कमी आणि बोट जास्त दाखवायची. ताईला नवा जोडीदार मिळाला. उंच, अबोल माणूस. पलीकडच्या बाजूला उभा राहायचा आणि चादर झेलायचा, बस्स. पहिल्या दिवशी घडी घातलेली थप्पी आपोआप वाढत गेलेली पाहून ताईने तिच्यातल्या चादरी दोनदा मोजल्या.

घरी मात्र आईने बोलणं टाकलं. “सख्ख्या बहिणीची चारचौघांत अब्रू घेतलीस,” एवढं म्हणाली आणि मग फोनही उचलेना. छोटी कामावर यायची, समोरून जायची, जणू ताई म्हणजे भिंतीचा रंग.

ताईने ते सोसलं. तिची खात्री होती, की महिनाभरात हवालदारही हात टेकेल. मग सगळ्यांना कळेल, आईलाही कळेल, की आपण काय ओढत होतो. त्या दिवसाची ती वाट पाहत होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

तो दिवस आला नाही. मान वळवली की तिला दुसरा रोलर दिसायचा. छोटी उभी असायची. घामाने थबथबलेली, केस घट्ट बांधलेले, चादरीमागून चादर झेलत. वेळेवर पाणी प्यायला जायची, वेळेवर परत. एका दुपारी हवालदार ताईजवळ येऊन उभी राहिली. जन्मात कोणाची स्तुती न केलेली बाई.

“तुझी बहीण कामाला चांगली आहे,” ती म्हणाली. “शिकवलेलं दिसतं नीट.”

ताईने हातातली चादर खाली ठेवली. ती जिन्याकडे गेली. छोटी तिथे पायरीवर बसून मनगटाला मलम लावत होती. तिलाही डाग पडले होते.

“तुला येत होतं,” ताई म्हणाली. “सगळं येत होतं तुला.”

छोटीने वर पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. “येत होतं.”

“मग माझ्याबरोबर का नाही?”

छोटीने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. या वेळी विनोद सुचला नाही तिला. “मला नाही माहीत, ताई. तू असलीस की माझे हात उठतच नाहीत. मी धरायच्या आत तू धरलेलं असतं. लहानपणापासून. मग मी म्हणाले, धरू दे.” ती थांबली. “हवालदार धरत नाही. चादर खाली पडू देते. मग मलाच उचलावी लागते.”

“मी मरायचीच बाकी होते, छोटे.”

“मला दिसत होतं.”

हे ऐकून ताईला वाटलं, आता आपण हिच्या श्रीमुखात भडकावू. किंवा हिला पोटाशी धरू. दोन्हीपैकी काही झालं नाही. दिसत होतं, आणि तरी ही हललीसुद्धा नाही. वरून कोणीतरी गाडीसाठी हाक मारली. छोटी उठली, डबी खिशात टाकली आणि जिना चढून गेली.

पुढे आईने फोन उचलायला सुरुवात केली, कारण तिच्या औषधांचं बघायला कोणीतरी हवं होतं. बोलणी औषधांपुरतीच असायची. छोटी आणि ताई एकाच तळघरात काम करत राहिल्या. एकमेकींना वेळ विचारायच्या, गाडी द्यायच्या-घ्यायच्या. ताईचे डाग फिके झाले, पाय झोपेत हलायचे थांबले. अंगात ताकद परत आली.

एका संध्याकाळी मुलीने विचारलं, “मावशी आता का येत नाही आपल्याकडे?”

“तिला काम असतं,” ताई म्हणाली.

“तुला पण असतं की.”

“हो,” ताई म्हणाली, आणि ताटं वाढायला घेतली.