तेवीस नंबरचा परवाना

लिनेट पॅस्कोला आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं. तिने चष्मा पुसला, पत्ता नव्याने भरला, आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं: या पत्त्यावर रहिवासी पार्किंगचा परवाना देता येत नाही.

त्या चढाच्या रस्त्यावर तिला चौतीस वर्षं झाली होती. रस्त्यावर परवान्याची पद्धत सुरू झाली त्या वर्षापासून तिच्याकडे परवाना होता, आणि दर ऑक्टोबरला कपातला चहा निवायच्या आत त्याचं नूतनीकरण होऊन जायचं. गाडी ही तिची चैन नव्हती. एकसष्टाव्या वर्षीही ती आसपासच्या खेड्यांतून आणि वृद्धाश्रमांतून फिरून म्हाताऱ्या बायकांचे केस कापायची, सेट करून द्यायची. घडीचं बेसिन, दोन पिशव्या टॉवेल, डोक्यावर टोपासारखा बसणारा मोठा ड्रायर, हे सगळं दाराशी उभ्या गाडीत भरायचं आणि निघायचं. जुना परवाना संपायला अकरा दिवस उरले होते.

तिने कौन्सिलला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलायला आली.

"पत्ता सांगा."

"तेवीस."

"तेवीस नंबर नाहीये आमच्याकडे. तेवीस ए आहे आणि तेवीस बी आहे."

"घर तेच हो. खाली मी राहते, वर माझी मुलगी."

पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. "दोन्ही पत्त्यांवर अट आहे," बाई म्हणाली. "तुम्ही समक्ष येऊन फाइल बघितलेली बरी."

घराचे दोन भाग झाले होते हे खरं. दीड वर्षापूर्वी केरेन्साचा संसार मोडला आणि ती पाच वर्षांच्या लोवेनाला घेऊन माहेरी आली. चार महिने मायलेकी बैठकीतल्या सोफ्यावर झोपल्या, कारण वरच्या खोल्या गळत होत्या. शेवटी लिनेटनेच म्हटलं, वरचा मजला दुरुस्त करून तुलाच देऊ, वेगळा दरवाजा, वेगळं स्वयंपाकघर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, एकटीला एवढं घर काय करायचंय. कौन्सिलची परवानगी, नकाशे, ईमेल हे सगळं केरेन्साने बघितलं. वर्षाचा परवाना भरणं सोडलं तर लिनेटला त्यातलं काही जमत नसे. केरेन्सा कागदांवर जिथे पेन्सिलीने फुली मारून द्यायची, तिथे ती सही करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कौन्सिलच्या इमारतीत गेली. नियोजन खात्यातले मिस्टर रेडफर्न पन्नाशीचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी फाइल तिच्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नव्याने होणाऱ्या दोन्ही फ्लॅटमधल्या रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना मागता येणार नाही. खाली तिची सही होती.

"एका घराची दोन झाली की गाड्या वाढतात," रेडफर्न म्हणाले. "रस्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून ही अट घालावी लागते."

"आमची गाडी एकच आहे. मुलगी बसने जाते."

"अट माणसावर नसते, मिसेस पॅस्को. पत्त्यावर असते."

"पण मी काही नव्याने राहायला आलेली नाही."

"कागदोपत्री तेवीस नंबर आता उरलेला नाही. तेवीस ए मध्ये तुम्ही नव्यानेच आलात."

"मी जेवणाच्या खोलीतून बैठकीत आले," लिनेट म्हणाली. "पलंग हलवला फक्त."

रेडफर्नना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. दुर्दैवाने आपल्याला यात काही करता येत नाही, असं ते म्हणाले. घर पुन्हा एक करायची परवानगी मागता येईल, ते एक झालं की अट जाईल, एवढीच वाट होती.

"ते नको," लिनेट लगेच म्हणाली. मग तिने विचारलं, "पण हे मला आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं ना. तुमच्याकडून उत्तरही आलंय." त्यांनी दोन पानं उलटली. "नऊ फेब्रुवारी."

ईमेल दोन ओळींचा होता. अट समजली, मान्य आहे. आईशी बोलले आहे. खाली नाव: केरेन्सा पॅस्को.

लिनेटने तो तीनदा वाचला. रेडफर्न पाणी हवंय का विचारत होते, ते तिला जरा उशिराच ऐकू आलं. नऊ फेब्रुवारीला आपण काय करत होतो, हे ती आठवू पाहत होती. आजाराने पडलो होतो का? केरेन्सा बोलली आणि आपणच विसरलो का? पण असं काही विसरण्यासारखं नव्हतं. तिच्याशी कुणीही काहीही बोललेलं नव्हतं.

दोन वाजता तिला मिसेस हॉकिंगकडे जायचं होतं. ती गेली. नव्वदीच्या मिसेस हॉकिंगनी दोनदा विचारलं, "आज तोंडाला कुलूप का गं?" आणि आरशात बघून म्हणाल्या, "डावी बाजू आखूड झालीये." झाली होती खरी. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

केरेन्सा दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, साडेपाचला घरी यायची. लिनेट बाजूच्या नव्या दरवाजाशी उभीच होती. लोवेना वर पळाली, तेव्हा तिने विचारलं, "नऊ फेब्रुवारीला तू माझ्याशी काय बोललीस?"

"कधी?" केरेन्सा म्हणाली, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघताच तिचा आवाज उतरला. "तू कौन्सिलमध्ये गेली होतीस."

"माझा परवाना गेला, केरेन्सा."

"आई, अटीशिवाय ते परवानगी देणार नव्हते. तसं स्पष्ट लिहिलं होतं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"असते कदाचित."

"मग मी कुठे जाणार होते? लोवेना रोज विचारायची, आपली खोली कुठली. मला वाटलं, कागदावरची एक ओळ आहे, ती कोण बघतंय. तुझा परवाना तर चालूच होता."

"तू लिहिलंस, आईशी बोलले आहे."

केरेन्साने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "हो," ती म्हणाली. "लिहिलं."

"घर पुन्हा एक केलं तर अट जाईल म्हणतात."

केरेन्साचा चेहरा पांढरा पडला. तिला तसं बघणंही लिनेटला सोसवेना.

"मी नाही म्हणून आलेय," ती म्हणाली. "घाबरू नकोस. पोरीला जेवायला घाल." आणि ती आपल्या दारातून आत गेली. भिंतीपलीकडे जिन्यावर केरेन्साची पावलं कितीतरी वेळ वाजली नाहीत.

लिनेटने अपील केलं. काम, दुखरा गुडघा, चौतीस वर्षं, सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी चार ओळींचा नकार आला. तोवर गाडी कब्रस्तानापलीकडच्या रस्त्यावर गेली होती, जिथे परवाना लागत नव्हता. पायी जाताना सतरा मिनिटं, येताना चढ. दाराशी सामान चढवण्यापुरती दहा मिनिटं गाडी थांबवता येत होती, पण त्याआधी ती तिथून आणायला हवी. पहिल्या सकाळी वाटेत गुडघा असा धरला, की तिला दोनदा कुणाच्या तरी कुंपणाला टेकावं लागलं. दोन गिऱ्हाइकांना तिने सकाळचं जमणार नाही म्हणून कळवून टाकलं.

दुसऱ्या सोमवारी पावणेसातला दार वाजलं. केरेन्सा कोट घालून उभी होती.

"किल्ली दे."

"तुझी बस चुकेल."

"पुढची घेईन. लोवेना कपडे करतेय, तिच्याकडे जरा लक्ष ठेव."

लिनेटने किल्ली दिली. वीस मिनिटांनी गाडी दाराशी आली. केरेन्साने ड्रायर उचलून मागे ठेवला, लोवेनाचा हात धरला आणि निघून गेली. मंगळवारी तसंच झालं, बुधवारी तसंच. दोघी फार बोलत नसत. लिनेटला राग आहे की काय, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मुलगी समोरून येताना दिसली, की क्षणभर ही नेमकी कोण, असं मात्र तिला वाटून जायचं, आणि त्याचंच तिला भय वाटायचं.

डिसेंबरात एका सकाळी काचेवरचं बर्फ खरवडता खरवडता केरेन्सा मान वर न करता म्हणाली, "आई, मी तुला विचारायला हवं होतं."

"हवं होतं," लिनेट म्हणाली.

केरेन्साने मान हलवली आणि दुसरी काच खरवडायला घेतली. लिनेट आत जाऊन टॉवेलच्या पिशव्या घेऊन आली, आणि त्यांतली एक तिने मुलीच्या हातात दिली.