लीलाताईंचा आवाज

"मॅडम, चिप ही नहीं है, तो मशीन कहाँ से दूँ?" दिल्लीचा घाऊक विक्रेता फोनवर वैतागला.

सीमंतिनीनं फोन कापला आणि लगेच इंदूरचा नंबर फिरवला. तिथंही तेच. दाना ओली या गल्लीत, घराच्या खालच्या खोलीत ती कानाची यंत्रं बसवून द्यायची. महामारीत कुठल्याकुठल्या देशांतले चिपचे कारखाने बंद पडले होते, आणि सुरू झाले तेव्हा मोबाइलवाल्यांनी, गाडीवाल्यांनी माल आधी उचलला. कानाच्या यंत्रांना विचारतो कोण?

अर्धवट ओढलेल्या शटरखालून महिपतराव वाकून आत आले. "आलं का?"

तिनं मान हलवली. नाही.

महिपतराव तोफखान्यातून निवृत्त झालेले. कान तिथंच गेले. त्यांचं यंत्र हिवाळ्यात बंद पडलं आणि दुकानातली साधी यंत्रं त्यांना पुरत नव्हती. मूलबाळ नाही. पत्नी लीलाताई कानाशी तोंड नेऊन बोलत, त्यावर घर चाललं होतं. आता लीलाताईच कोविड वॉर्डात होत्या. आत कुणाला सोडत नव्हते. दुपारी एकदा नर्स आपल्या फोनवरून बोलणं करून द्यायची. व्हिडिओवर ओठ वाचावेत, तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. म्हणून ते रोज त्या वेळेला इथं येत. फोन सीमंतिनी ऐके आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगे.

फोन वाजला.

"विचारताहेत, जेवलात का?" सीमंतिनी ओरडली. समोरच्या खिडकीतलं कुणीतरी डोकावलं.

"जेवलो! खिचडी केली मी!" महिपतराव त्याहून मोठ्यानं म्हणाले.

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास आला. मग लीलाताई म्हणाल्या, "सीमंतिनी, त्यांना म्हणावं, मला घरी घेऊन चला. इथं फार भीती वाटते."

महिपतराव सीमंतिनीच्या तोंडाकडे बघत होते. हे ओरडून कसं सांगायचं? क्षणभर वाटलं, 'बरी आहे' एवढंच सांगावं.

"काय म्हणतेय? बोल ना बेटा!"

तिनं सांगितलं. शब्दन् शब्द, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

महिपतराव उठले. "चल."

"काका, आत नाही सोडणार."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. सीमंतिनीनं स्कूटर काढली. इस्पितळाच्या दाराशी शिपायानं अडवलंच. महिपतराव शिपायाशी भांडले नाहीत. वॉर्डाच्या खिडक्यांखाली, उन्हात, सरळ उभे राहिले. सीमंतिनीनं नर्सला फोन लावून विनवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. ऐकू येत नसलं तरी बोलता येत होतं.

"लीला, मी खाली उभा आहे. ऐकतेस? इथंच आहे मी. भिऊ नको."

फोन त्यांनी सीमंतिनीकडे दिला. तिनं ऐकलं, त्यांच्या कानाशी वाकली. "म्हणताहेत, डोक्यावर काहीतरी घ्या. ऊन लागेल."

त्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाहीत. लीलाताई दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

सीमंतिनीला मात्र स्वस्थता नव्हती. ती घाऊक विक्रेत्यांना रोज फोन लावत राहिली. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. यंत्र आलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

महिपतराव खुर्चीत बसले. तिनं यंत्र कानात बसवलं, चालू केलं. "ऐकू येतंय?" सवयीनं ती ओरडलीच.

ते दचकले. "हळू, बेटा. येतंय."

मग महिपतरावांनी विचारलं, "तिचं बोलणं सगळं तू सांगितलंस. पण आवाज कसा होता गं?"

सीमंतिनीनं डोळे पुसले. "थकलेला होता, काका. शब्दाशब्दाला धाप लागत होती. पण तुम्ही खाली आहात कळल्यावर... रागावल्यासारखा झाला. नेहमी रागवायच्या ना, तसा."

महिपतरावांनी मान डोलावली. कितीतरी वेळ डोलावत राहिले. मग उठून त्यांनी सदरा नीट केला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. गल्लीत दिवाळीची गर्दी होती. मागून हॉर्न वाजला. महिपतराव बाजूला झाले, स्कूटरला वाट दिली आणि पुढं चालू लागले.