सतराव्या प्रकरणातलं बाळ

सतराव्या प्रकरणात बाळ जातं, हे मनालीला पाठ होतं. रोह्याच्या कॉलेजात ती जुनी कादंबरी तिला अभ्यासाला होती. तिच्या नवऱ्याने, हर्षदने मात्र ती उघडूनही पाहिली नव्हती. त्याच कादंबरीवर सिनेमा काढणाऱ्यांना सात महिन्यांचं बाळ हवंय म्हटल्यावर त्याने डोलवीला शिफ्टवर जाता जाता फोनवरच हो म्हणून टाकलं, आणि त्यांचा निमिष सिनेमात गेला.

पुस्तकातल्या बैलगाडीची आता रिक्षा झाली होती, वैद्याचं हॉस्पिटल. दोन दिवस निमिष कॅमेऱ्यासमोर खिदळला. तिसऱ्या दिवशी मनाली दिग्दर्शक अंतराला म्हणाली, "रिक्षातल्या शॉटला माझं बाळ मिळायचं नाय."

"अगं, नुसता झोपलेला असेल तो."

"झोपलेलाच असेल. पण तुमची हिरॉईन त्याला गेलेला समजणार. मला नाय बघवणार ते."

मुंबईहून आणलेला रबरी बाहुला जवळून बाहुलाच दिसत होता. अंतराने कपाळाला हात लावला. तेवढ्यात मनालीचे सासरे, पोपटआप्पा, ओटीवरून बोलले, "मी करतो मातीचा. आठ दिस द्या."

"आप्पा, हा गणपती नाय."

"ठाव हाय गो. सोंड नाय लावत."

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात आप्पा चाळीस वर्षं गणपती घडवत होते. डोळ्यांची आखणी तर दुसऱ्या कुणाला करूच देत नसत. सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे. ते उघडले की मूर्ती बघायला लागते. मनालीने शाडू मळून दिला. "चेहरा निमिषचा नको हां," एवढंच बजावलं.

बाळ सुकलं, रंगलं. आप्पा ब्रश घेऊन बसून राहिले.

"ह्याचे मिटलेलेच ठेवायचे?"

"व्हय, आप्पा."

त्यांनी कोरडा ब्रश खिशात ठेवला.

रोहा स्टेशनवरचं शूटिंग आटपून युनिट परत आलं. मनालीने मातीचं बाळ उचललं. आतून पोकळ, तरी दूध पिऊन झोपलेल्या निमिषएवढंच जड. तिचा हात आपसूक त्याच्या मानेखाली गेला.

रिक्षात हिरॉईनने बाळाला हलवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग ती त्याचं टोपडं नीट करत बसली, करतच राहिली. पुस्तकात इथे चार पानं आक्रोश होता. ती चार पानं मनालीने तीनदा वाचली होती, आणि तरी आज काहीतरी पहिल्यांदाच कळत होतं. माती तिनेच मळलेली, टोपडं निमिषचं. सगळं ठाऊक असून तिला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. निमिष तिच्या मांडीवर टक्क जागा होता, तरी तिने त्याच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

अंतराने "कट" म्हटलं.

"दुसरा टेक नको," ती म्हणाली.

मनाली उठली. "आप्पा, उघडा त्याचे डोळे."

आप्पांनी खिशातून ब्रश काढला, रंगाची वाटी मागवली. रिक्षाच्या सीटवरच बसून एक डोळा आखला, मग दुसरा. बाळ बघायला लागलं.

निमिषने त्याचं नाक धरायला हात पुढे केला. मनालीने तो अडवला नाही.