वसुधाताईंचा गुडघा

सोनल मैदानाच्या कडेला उकिडवी बसली, मोबाइल जमिनीपासून वीतभर उंच धरला आणि ओरडली, "आई, या! रोज धावता तशाच या. माझ्याकडे बघू नका."

वसुधाताई धावत आल्या, आणि अर्थातच सुनेकडे बघतच आल्या. शेजारी श्रीपादराव होते. सहा फुटी माणूस आणि त्याच्या खांद्याशी जेमतेम पोचणारी बायको, पण पावलं पडत होती अगदी एकदम. श्रीपादरावांचे आजोबा होळकरांच्या पलटणीत होते. तेव्हापासून या घरात दोघं जण जोडीनं निघाले की कदम मिळवूनच चालतात. वसुधाताई लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात हे शिकल्या. चालण्यात पस्तीस वर्षं ते निभावलं. धावायला लागल्यावर मात्र उजवा गुडघा दोनदा सुजला आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा सुजला तर धावणं बंद.

सोनलचं पलासिया भागात फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथे ती परक्यांनाही दरडावते, तर सासूला काय सोडणार!

"हे बघा," तिनं व्हिडिओ थांबवला. "टाच गुडघ्याच्या किती पुढे पडतेय! बाबांच्या ढांगेला ढांग लावायला जाता तुम्ही. सगळा झटका गुडघ्याला. छोटी पावलं टाका, पाय शरीराच्या खाली पडू द्या. आणि बाबांना मागे ठेवा, म्हणजे कदम मिळवायचा सवालच नाही."

"म्हणजे पलटण फुटली," श्रीपादराव म्हणाले.

"बाबा, तुम्ही तर बोलूच नका. असे पाय आपटता की पूरा मैदान हलतंय! हलके टाका. आवाज नाही आला पाहिजे."

"अगं, पण मागे…" वसुधाताई बोलता बोलता थांबल्या आणि बुटाची लेस बांधायला वाकल्या. ती बांधलेलीच होती.

मागे ठेवायचं कसं? दोन वर्षांपूर्वी श्रीपादराव सकाळी एकटेच फिरायला गेले आणि रस्त्याकडेच्या एका ओट्यावर छाती धरून बसले. फोन घरी चार्जिंगला. कुणा दूधवाल्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वसुधाताईंना कळलं ते दीड तासानं, आणि तो दीड तास त्या रेडिओ लावून मजेत मटार सोलत बसल्या होत्या. पुढे डॉक्टरांनी यांना सावकाश धावायची परवानगी दिली, तेव्हा "मलाही वजन कमी करायचंय" म्हणून त्याही बूट घेऊन आल्या. वजन काही उतरलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"चला, एक चक्कर लावा," सोनल म्हणाली.

वसुधाताई पुढे निघाल्या. छोटी छोटी पावलं, झपझप. गुडघा चक्क गप्प होता. त्यांना नवल वाटलं, बरंही वाटलं. पण पंचवीसेक पावलांनंतर त्यांच्या लक्षात आलं की मागून काहीच ऐकू येत नाहीये. श्रीपादराव सुनेचा शब्द खाली पडू देणाऱ्यांतले नव्हते. वसुधाताईंनी मान वळवली. होते, चार हात मागे, मांजराच्या पावलांनी येत होते.

"आई, पुढे बघा! मान वळवली की पाऊल वाकडं पडतं."

पुन्हा वीस पावलं, पुन्हा मान. तिसऱ्या वेळी पाऊल खरंच वाकडं पडलं. त्या अडखळल्या, गुडघ्यात कळ आली आणि श्रीपादरावांनी पटकन दंड धरून सावरलं.

"काय बघतेस गं सारखी? मी काय पळून चाललोय?"

"तुम्ही ऐकू येत नाही," वसुधाताई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यांनी ओढणीनं खसाखसा तोंड पुसलं.

श्रीपादरावांनी चेष्टेसाठी उघडलेलं तोंड मिटलं. दंडावरचा हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं,

"दुखतंय फार?"

"नाही. गेली कळ."

"मग चल. तू तुझ्या पावलानं जा."

त्या निघाल्या. पाच-दहा पावलं मागे नुसती शांतता. मग आवाज आला, थप्, थप्, थप्. चांगला दणकून. मैदानावरचे लोक वळून बघायला लागले.

"अरे काकाजी, आराम से!" कुणीतरी हसून ओरडलं.

वसुधाताईंनी मान वळवली नाही. त्यांचे खांदे खाली आले, पावलं आपोआप बारीक झाली. आता सोनल ओरडणार, बाबा, पाय आपटू नका, याची त्या वाट बघत राहिल्या. समोरच्या वळणावर सोनल उभी होती, मोबाइल हातात तसाच खाली धरून. वसुधाताई तिच्या अगदी जवळून गेल्या. मागोमाग थप् थप् करत श्रीपादरावही गेले.

सोनलनं मोबाइल बंद केला आणि खिशात टाकला.